कूलरच्या ताट्या आणि पाणी भरणारे हात



इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. आज मात्र मी तुम्हाला एका बादलीची गोष्ट सांगणार आहे. साधी, पंधरा लिटरची, कडी थोडी वाकलेली प्लॅस्टिकची बादली.

ठिकाण आहे कोहका. छत्तीसगडमधल्या भिलाई शहराचा हा एक भाग, सुपेल्याला लागून, जुनवानीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा. वेळ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली, दुपारी एकची. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. साधारण २५ मेपासूनचे हे नऊ दिवस काय असतात, ते विदर्भातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पारा ४४-४५ वर, रस्त्यावर माणूस नाही, आणि घराच्या मागच्या खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर घरघरतोय. मग अचानक हवेचा वास बदलतो. ओल्या गवताचा वास जातो आणि तापलेल्या लोखंडाचा येतो. म्हणजे टाकीतलं पाणी संपलं. आतल्या खोलीतून आजीचा आवाज येतो, "पानी टाकलं का वं कूलरमधी?"

आजी-आजोबा भंडारा जिल्ह्यातले. १९६० च्या सुमारास कारखान्याच्या कामाच्या ओढीने भिलाईला आले आणि कोहक्यात स्थिरावले. आजीची बोली शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. त्या बोलीत पुरुषाशी बोलताना वाक्याला ‘गा’ लागतो आणि बाईशी बोलताना ‘वं’. आमच्या घरात कूलरच्या पाण्याचा प्रश्न नेहमी ‘वं’ लावूनच यायचा. माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बादली त्याला सहज उचलली असती. पण ‘पानी टाकलं का गा’ असं आजीच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नाही. आता इतिहास वाचताना वाटतं, की त्या एका अक्षरात बरंच काही आहे. उष्ण प्रदेशातल्या घरात गारवा असतो, तेव्हा तो आपोआप आलेला नसतो. त्यासाठी कोणीतरी पाणी आणलेलं असतं, ओतलेलं असतं, शिंपडलेलं असतं. आज आपण दोनच प्रश्न घेऊन इतिहासात फिरणार आहोत. घर गार कसं व्हायचं? आणि त्यासाठी पाणी कोण भरायचं?

आधी हे ठिकाण नकाशावर नीट ठेवूया. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी पकडली की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि दुर्ग ही स्टेशनं लागतात. नागपूर ते दुर्ग हे अंतर सुमारे २६५ किलोमीटर. दुर्ग सुटलं की भिलाई सुरू. रुळांच्या दक्षिणेला पोलाद कारखान्याची आखीव टाउनशिप, सेक्टरांमध्ये वाटलेली. उत्तरेला जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, आणि त्याच्या अंगाने सुपेला, कोहका असा वाढत गेलेला भाग. कोहका मुळात एक गाव. शहर त्याच्यापर्यंत चालत आलं.

इथे मराठी माणूस कारखान्यामुळेच आला, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी रतनपूर घेतलं. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १७८७ साली ते तिथेच वारले. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं दुर्ग-रायपूरकडच्या माणसाची मोठी कामं नागपूरलाच होत होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, त्या दिवशीसुद्धा भिलाई ज्या राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि आपण ‘परराज्यातले’ झालो.

कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले लोक असे मराठी संसार या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात शिकवायला आले. घरात मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. ते राहायचे ती जागा कॉलेजच्या आवारातली, तळ्याकाठची. छत्तीसगडमध्ये तळ्याकाठी राहणं ही काही कवींचीच चैन नव्हती. इथे गाव म्हणजे तळं हे ठरलेलंच. रतनपूरसारख्या जुन्या ठिकाणांबद्दल ‘छै आगर छै कोरी’ तळी असं म्हणतात. कोरी म्हणजे आपली कोडी, वीस. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे १२६ तळी. तळ्याला इथे तरिया म्हणतात. आंघोळ, कपडे, गुरं आणि लग्नकार्यातले विधी, सगळं तरियावर.

आता या तरियाच्या गावातलं जुनं घर बघूया. जाड मातीच्या भिंती. वर लाकडी वाशांवर देशी खापरांचं छप्पर. त्याला छत्तीसगढीत छानी म्हणतात. पुढे ओसरी, तिचं नाव परछी. मध्ये अंगण. मागे गुरांचा कोठा आणि त्याच्या मागे बारी, म्हणजे आपली परसबाग. भिंतींना छुही मातीचा पांढरा हात, जमिनीला शेणाचं सारवण.

या घरात गारवा आणणारी एकही वस्तू नाही, आणि तरी प्रत्येक वस्तू त्याच कामाला लागलेली आहे. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन शोषते, पण ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर माणसं अंगणात खाटा टाकून बसलेली असतात. खापरांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. पांढरी भिंत ऊन परतवते. घराला एक वेळापत्रक असतं. सकाळी परछी, दुपारी आतली अंधारी खोली, रात्री अंगण. माणूस घरातल्या घरात सावलीमागे फिरत राहतो.

बारीचंही तेच. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी चर काढून बारीत सोडलेलं असतं. त्या ओलीवर केळ आणि कोचई. कोचई म्हणजे आपला अळू. तिच्या पानांना उडदाची डाळ वाटून लावतात, वळकटी करून वाफवतात आणि दह्याच्या आमटीत सोडतात. त्याला इड़हर म्हणतात. आमच्या आजीने ते पहिल्यांदा शेजारी पाहिलं तेव्हा म्हणाली म्हणे, की ही तर आपलीच अळूवडी, फक्त आंघोळ केलेली. कडेला मुनगा, म्हणजे शेवगा. एक जाम, म्हणजे पेरू. विदर्भात याला जांब म्हणतात, त्यामुळे आमच्या घरी तो शब्द बदलावाच लागला नाही. पावसाळ्यात तुमा आणि मखना, म्हणजे दुधी आणि लाल भोपळा, यांचे वेल छानीवर चढवलेले. भाजी मिळायची आणि छपरावर हिरवं पांघरूण पडायचं.

ताटातही गारवाच. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन पाण्यासकट खायचं. ही बासी. ताज्या भातात पाणी घातलं तर बोरे. कोकणातली पेज किंवा विदर्भातली ज्वारीची आंबील यांच्याच घराण्यातलं हे अन्न. शेतावर जाणाऱ्या माणसाच्या पोटात जेवणाबरोबर पाणीही जायला हवं, हा त्यामागचा हिशेब.

हे सगळं ऐकायला फार गोड वाटतं ना? जुनं घर, जुनं शहाणपण. पण इथे जरा थांबूया आणि दुसरा प्रश्न विचारूया. पाणी कोणी भरलं? भिंत पांढरी करायला छुही कालवणारी, सारवणाला शेण-पाणी करणारी, तरियावरून गुंडी डोक्यावर घेऊन येणारी, अंगणात संध्याकाळी शिंपण घालणारी, करसी म्हणजे मातीचा माठ घासून भरणारी, ही माणसं कोण? जुन्या घराचा गारवा बायकांच्या मानेवरून आला, हे सांगितल्याशिवाय त्याचं कौतुक पुरं होत नाही.

छत्तीसगडात तीजाचा सण फार मोठा. आपल्याकडे हरतालिका असते, तोच दिवस, भाद्रपद शुद्ध तृतीया. त्याआधी पोळा, इथे पोरा म्हणतात. पोऱ्याच्या सुमारास भाऊ बहिणीला न्यायला येतो आणि लग्न झालेल्या मुली माहेरी जातात. उपासाच्या आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारलं आणि भात खातात. सणाचं धार्मिक कारण तुम्हाला माहीत आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट दिसते. वर्षातले हे काही दिवस असे, की सासरच्या घरात पाणी दुसऱ्या कोणालातरी भरावं लागायचं. हक्काची सुट्टीच म्हणा.

आता गावातून साहेबाच्या बंगल्यात जाऊ. कारण आपल्या पत्र्याच्या कूलरचा जन्म तिकडच्या एका वस्तूपासून झालाय. ती वस्तू म्हणजे ताटी.

ताटी हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ज्ञानेश्वर रुसून दार लावून बसले तेव्हा मुक्ताबाईने म्हटलेले ते ताटीचे अभंग. तिथली ताटी म्हणजे झोपडीचं काठ्या-कुडाचं दार. वाळ्याची ताटी म्हणजे बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेला पडदा. वाळा म्हणजेच खस. दारा-खिडकीत ही ताटी उभी करायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं. बाहेरची कोरडी लू तिच्यातून आत येते ती गार आणि सुगंधी होऊन.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये या वाळ्याच्या ताट्यांचं वर्णन केलं आहे. पाणी गार करायला सोरा वापरायची पद्धतही त्यात आहे. पुढे इंग्रजांनी ही ताटी उचलली. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात लू येते पश्चिमेकडून, म्हणून बंगल्याच्या पश्चिमेच्या दारांना ताट्या लागत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आणखी एक यंत्र काढलं. मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना ओल्या ताट्या, आत हाताने फिरवायचा पंखा. त्याला ते ‘थर्मँटिडोट’ म्हणत, उष्णतेवरचा उतारा. तुमच्या लक्षात आलंच असेल, की हा कूलरच आहे. फक्त मोटरीच्या जागी माणूस.

त्या बंगल्यातला गारवा किती माणसांवर उभा होता, ते मोजून बघा. पखालीतून पाणी आणणारा भिस्ती. ताटीवर दिवसभर पाणी मारणारा एक. पेटीचा पंखा फिरवणारा एक. छताला टांगलेला कापडी पंखा ओढणारा एक. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेली असायची आणि तो व्हरांड्यात बसायचा. गारवा आत, तो बाहेर. आणि एवढं करूनही जमलं नाही तर साहेब डोंगरावर जायचे. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला हलायचं. ताटीवर पाणी मारणारा मात्र खालीच राहायचा.

इथे थोडं विज्ञान बघू, म्हणजे बादलीची किंमत कळेल. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेतं. एक लिटर पाणी हवेत विरताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतं. आमची पंधरा लिटरची बादली पूर्ण विरली, तर हजार वॅटची शेगडी दहा तास पेटवून जेवढी उष्णता होईल, तेवढी ती हवेतून काढून घेते. आणि त्यासाठी वीज लागते ती फक्त पंखा आणि छोटा पंप चालवण्यापुरती. म्हणून गरिबाला परवडतं असं यंत्र तेच.

पण याला एक अट आहे. हवा कोरडी हवी. दमट हवेत पाणी फारसं विरत नाही. म्हणून ताटी नागपूर, रायपूर, अलाहाबाद, दिल्लीकडे चालली. मुंबईत आणि कोकणात तिचा उपयोग नव्हता. तिथे खिडकीतून येणारं वारं, उतरतं छप्पर आणि पडवी यांच्यावरच भिस्त. उष्ण प्रदेश असा एकच शब्द आपण वापरतो, पण रत्नागिरीचा उन्हाळा आणि दुर्गचा उन्हाळा ही दोन वेगळी संकटं आहेत.

परत भिलाईत येऊ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची. त्यासाठी अनेक गावांची जमीन गेली. देशभरातून माणसं आली, सोव्हिएत तंत्रज्ञही आले. आणि त्यांच्यासाठी रेल्वेच्या दक्षिणेला टाउनशिप उभी राहिली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, क्वार्टरं, शाळा, बाजार. पाणी नळाने. तांदुळा धरणाचं पाणी, जे इंग्रजांच्या काळात भातशेतीसाठी अडवलं होतं, ते कारखान्याकडेही वळलं. मरोद्याचा मोठा जलाशय टाउनशिपची तहान भागवू लागला.

क्वार्टरच्या मागेपुढे थोडी जागा असायची. तिथे लोकांनी आपापला मुलूख लावला. केरळच्या घरी नारळ, बंगाल्याच्या घरी पुंईची भाजी, तेलुगू घरी कढीपत्ता, मराठी घरी तुळस आणि अळू. शेवगा आणि आंबा सगळ्यांचा. नळाला पाणी असल्यामुळे ही बाग शक्य झाली, आणि बागेमुळे वस्ती गार राहिली. आजही सुपेल्याकडून रुळांपलीकडे टाउनशिपमध्ये शिरताना संध्याकाळी अंगाला फरक जाणवतो.

रुळांच्या अलीकडे, कोहक्यात, गोष्ट वेगळी होती. कारखान्याच्या कायम नोकरीतल्या माणसाला क्वार्टर. ठेकेदाराकडच्या मजुराला, रिक्षावाल्याला, छोट्या दुकानदाराला, भाड्याने राहणाऱ्याला ते नाही. हे लोक इकडे राहिले. इथे पाणी म्हणजे विहीर, तरिया आणि हातपंप. छत्तीसगडात हातपंपाला बोरिंग म्हणतात. पहाटे बोरिंगवर गुंड्यांची रांग. आमच्याकडचा शब्द गुंड, इथला गुंडी. रांगेत भांडायला दोन्ही चालायचे. गावाची बारी हळूहळू बांधकामात गेली, मातीच्या भिंतीच्या जागी विटा आल्या, छानीच्या जागी आधी पत्रे आणि मग सिमेंटचा स्लॅब. स्लॅब पाऊस अडवतो, माकडं आणि साप अडवतो, दर वर्षी खापरं फेरायचा त्रास वाचवतो. पण दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खाली सोडतो. मातीच्या घरात रात्र सुसह्य होती. स्लॅबच्या घरात रात्रच सगळ्यात कठीण.

याच सुमारास घरोघर कूलर आला. अमेरिकेच्या ॲरिझोनासारख्या कोरड्या भागात १९३० च्या दशकात विजेचा पंखा आणि ओल्या लाकडी तुसांच्या गाद्या लावलेल्या पेट्या रूढ झाल्या होत्या. आपल्याकडे मध्य भारतात हीच पेटी पत्र्याची झाली. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने चौकट बनवायची, बाजारातून मोटर आणि पंखा आणायचा, तीन बाजूंना वाळा किंवा लाकडी तुसा भरायचा. आणि त्या बाजूंना नागपूरकडे नाव काय? ताट्या! अकबराच्या महालातून साहेबाच्या बंगल्यात आणि तिथून कोहक्यातल्या दोन खोल्यांच्या घरात शब्द तसाच आला. मार्च संपताना "ताट्या बदलल्या का?" हे आमच्या घरातलं उन्हाळ्याचं पहिलं वाक्य असायचं.

कूलरने मोठी गोष्ट केली, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. सम्राटाची चैन मजुराच्या घरी आली. पंखा ओढणारा, पेटी फिरवणारा, ताटीवर पाणी मारणारा, तीन माणसांचं काम दोन छोट्या मोटरींनी केलं. तान्ही मुलं घामोळ्यांनी रडायची थांबली, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी झोप मिळाली, परीक्षेचा अभ्यास झाला. फक्त एक माणूस राहिला, भिस्ती. त्याची जागा मोटरीने घेतली नाही. ती घरातल्या बाईने घेतली, किंवा मुलीने.

मध्यम आकाराचा कूलर दुपारभरात दोन-तीन बादल्या सहज पितो. रात्री पुन्हा तेवढ्याच. ज्या घरात नळाला रबरी पाइप लावून टाकी भरता येते, तिथे हे काम नव्हेच. जिथे बोरिंग शंभर पावलांवर आहे, तिथे रोज पाच-सहा खेपा. पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं पाणी वेगळंच. एकाच शहरात, एकाच कंपनीचं पोलाद वापरून बनवलेल्या दोन कूलरांमधला हा फरक. यंत्र तेच, गारवा तोच, पण त्याची किंमत रुळांच्या कोणत्या बाजूला राहता यावर ठरायची.

आणि किंमत कधीकधी फारच मोठी असते. पत्र्याची पेटी, आत पाणी, आत वीज आणि ओल्या हातांनी बादली ओतणारी बाई किंवा पोरगी. विदर्भ आणि छत्तीसगडच्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येत नाही असा उन्हाळा क्वचितच असतो. आमच्या गल्लीतही एकदा अशी दुपार आली होती. त्याबद्दल जास्त बोलणार नाही. पण त्या दिवसापासून आजीच्या प्रश्नात एक भर पडली, "पिन काढली का वं?" पाणी टाकण्याआधी बटण बंद आणि पिनही बाहेर. कूलरला अर्थिंग हवंच. हा भाग ऐकून तुम्ही दुसरं काहीच लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा.

दुसरा धोका साचलेल्या पाण्याचा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची. हे घासणंही अर्थात कोणाच्यातरी वाट्याला येतंच.

मग जून उजाडतो. मृग लागतो, पहिली सर येते. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवसापासून कूलर नकोसा होतो. हवा ओली, गादी ओली, उशी चिकट. जे यंत्र दोन महिने देवासारखं होतं ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, आणि त्याच्यावर ओले कपडे वाळत पडतात. या प्रदेशात घराला वर्षात दोन वेगळ्या ऋतूंशी लढावं लागतं. जुन्या घरात दोन्हींची सोय होती, कारण ते उघडं होतं. भरपूर वारं, उतरतं छप्पर. चौकोनी स्लॅबच्या खोलीत दोन्हींची अडचण.

गेल्या काही वर्षांत तिसरं पाऊल पडलं आहे, एसीचं. एसीला बादली लागत नाही. तो दमट हवेतही चालतो. पाणी भरणाऱ्या हातांची खरी सुटका त्याने केली, असं म्हणता येईल. पण एक फरक बघा. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर हवा कोंदते. म्हणून कूलरच्या घरात शेजारच्या कुकरच्या शिट्या, भांडणं, रेडिओ सगळं ऐकू येतं. एसीला दार-खिडक्या बंद लागतात. आणि तो उष्णता नाहीशी करत नाही, घरातून काढून गल्लीत टाकतो. ज्याच्या घरी एसी नाही, त्याच्या खिडकीतून ती आत येते. व्हरांड्यातल्या पंखेवाल्याची आठवण होते का? गारवा आत, ऊब बाहेर, आणि बाहेर कोणीतरी आहेच.

पाण्याचंही तेच. आज कोहक्यात शिवनाथ नदीचं पाणी नळाने येतं आणि घरोघर बोअरवेल आहेत. बटण दाबलं की छतावरची टाकी भरते. मान वाचली, हे चांगलंच झालं. पण तरियावरून आणलेलं पाणी सगळ्यांना दिसायचं. पातळी उतरली की गाव बोलायचं. जमिनीखालून उपसलेलं पाणी कोणाला दिसत नाही. मे महिन्यात एखाद्याची बोअर कोरडी पडते तेव्हाच कळतं, की आपण सगळे एकाच तळ्यातून घेत होतो.

मग काय, पुन्हा मातीची घरं बांधायची? मला तसं म्हणायचं नाही. ज्यांना खापरं फेरावी लागत नाहीत आणि सारवावं लागत नाही, त्यांनीच मातीच्या घराचं कौतुक करणं मला पटत नाही. पण काही गोष्टी फार स्वस्त आहेत. स्लॅबला चुन्याचा पांढरा हात द्यायला कारागीर लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर तुम्याचा वेल चढवायला दोन काठ्या पुरतात. न्हाणीचं पाणी गटारात न सोडता केळीला सोडता येतं. समोरासमोर दोन खिडक्या हव्यात, हे घर बांधतानाच मिस्त्रीला सांगता येतं. आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे बादली मुलाच्या हातात देणं.

यंदा मे महिन्यात घरी फोन केला होता. आजी आता नाही. आई पासष्टीला आलीय. एसी घ्या म्हटलं तर म्हणते, मला ओल्या वाळ्याचा वास लागतो. बोलता बोलता तिने मध्येच फोन बाजूला धरला आणि माझ्या भाच्याला हाक मारली. तो बारा वर्षांचा. "पाणी टाकलं का गा कूलरमध्ये? पिन काढून टाक." पलीकडून बादली ठेवल्याचा आवाज आला.

मंडळी, तुमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज एवढंच विचारा. तुमच्या लहानपणी उन्हाळ्यात घर गार कशाने व्हायचं, आणि त्यासाठी पाणी कोण भरायचं? उत्तर लिहून ठेवा, नावासकट. त्यांचं नाव दुसरीकडे कुठे लिहिलेलं मिळणार नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर सावलीत राहा आणि पाणी पीत राहा. नमस्कार.